करेज्माचे चाळीस दिवस

शेजाऱ्याच्या घरचे सण आपणांस ठाऊक असतात. त्याच्या घरचे उपवास ठाऊक नसतात. नाताळात दोदोल आणि बेबिंक आपल्या घरी येते, चवथीला आपल्या नेवऱ्या त्यांच्या घरी जातात, गावच्या फेस्ताला आपण जेवायला जातो आणि इंत्रुजाची मिरवणूक पाहण्यास मांडवीच्या काठी दुतर्फा गर्दी करतो. परंतु इंत्रुजाचा शेवटचा मंगळवार मावळला, की दुसऱ्या सकाळपासून त्याच शेजाऱ्याच्या घरी जे चाळीस दिवस सुरू होतात, त्यांची दखल आम्हां हिंदू गोमंतकीयांपैकी किती जण घेतात? फार थोडे, असे खेदाने म्हणावे लागते. आणि जे शासन इंत्रुजावर मुक्तहस्ताने खर्च करते, त्याच्या पर्यटनाच्या जाहिरातीत तर या चाळीस दिवसांना जागाच नाही.

वस्तुतः 'इंत्रुज' हा शब्दच या चाळीस दिवसांकडे बोट दाखवितो. पोर्तुगिजांचा 'एंत्रुदु' हा मूळ लॅटिन शब्दावरून आला असून त्याचा अर्थ प्रवेश असा आहे. कोठला प्रवेश? तर उपवासकाळातला. 'कार्निव्हाल' हा दुसरा शब्दही मांस दूर सारण्याच्या कल्पनेतूनच निघाला, असे भाषेचे जाणकार सांगतात. म्हणजे इंत्रुज हा उंबरठा आहे. आपण वर्षानुवर्षे उंबरठ्यावर येतो, ढोल ऐकतो, गुलाल उडवतो आणि घरात पाऊल न टाकता माघारी फिरतो.

घरात काय चालते, ते आज थोडे पाहू.

पोर्तुगीज 'क्वारेज्मा' या शब्दाचे कोंकणी रूप 'करेज्म'. मूळ अर्थ चाळिसावा. येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याच्या स्मरणार्थ हा काळ पाळला जातो. सिनाय पर्वतावर मोशेही चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून राहिला, अशी जुन्या करारातली कथा आहे. पंचांग हाताशी घेऊन मोजणाऱ्यास मात्र हे दिवस चाळीस नव्हे, सेहेचाळीस भरतील. कारण सरळ आहे. रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार असल्यामुळे तो उपवासात धरीत नाहीत. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा उलटली, की येणारा रविवार ईस्टरचा. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो आणि त्याच्या मागोमाग करेज्मही मागेपुढे सरकतो. सूर्याच्या पंचांगावर चालणाऱ्या पाश्चात्त्यांनी आपला सर्वांत मोठा सण मात्र चंद्रावरच सोपवून ठेवला आहे. आपला शिमगाही चंद्राचाच. म्हणून फाल्गुनाची पौर्णिमा बहुधा करेज्मात सापडते. एका वाड्यावर ढोल-ताशे आणि पलीकडच्या वाड्यावर मौन, असे दृश्य आपल्या गावांत दरसाल दिसते ते यामुळे.

आरंभाचा दिवस राखेचा. कोंकणीत त्याला 'गोबराचो बुधवार' म्हणतात. गोबर म्हणजे राख, हे गोमंतकीय वाचकांस सांगणे नको. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. पाद्री ती प्रत्येकाच्या कपाळावर लावतो आणि माणूस मातीचाच आहे, अखेरीस मातीतच मिसळणार आहे, याची त्याला आठवण देतो. भाटकार असो वा मुंडकार, शब्द तेच आणि राखही तीच. कपाळी राख लागली की त्या दिवशी लोक तशीच घेऊन कामावर जातात. महाशिवरात्रीला भस्माचे पट्टे ओढणाऱ्या आमच्या वाचकांना यात परके असे काय वाटावे? २०२५ साली तर २६ फेब्रुवारीस महाशिवरात्र, २ मार्चला रमजानचा पहिला रोजा आणि ५ मार्चला गोबराचो बुधवार असा योग आला होता. आठ दिवसांच्या आत या भूमीतले तिन्ही समाज उपाशी पोटी देवासमोर उभे राहिले. एरव्ही एखाद्या ओरखड्याचीही मोठी बातमी करणाऱ्या वृत्तसृष्टीत या योगाला कोठे चार ओळींची जागा मिळाली असेल, तर ती आमच्या पाहण्यात आलेली नाही.

राखेच्या दिवसापासून इगर्जीचा रंग पालटतो. वेदीवरची फुले जातात, पाद्रीचा झगा जांभळा होतो, आनंदाची ठराविक स्तोत्रे बंद होतात. लग्नाचे बेत ईस्टरनंतर ढकलण्याची जुनी रीत अनेक घराण्यांत अजूनही आहे. चातुर्मासात आपण मुहूर्त काढीत नाही, तसेच ते. शेवटच्या पंधरवड्यात मूर्तींवर जांभळे वस्त्र टाकून त्या झाकण्याचीही चाल आहे. पवित्र सप्ताहातील गुरुवारी सायंकाळी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी होतो. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या बारा जणांत पूर्वी पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली स्त्रियांनाही त्यात घेण्याची अनुज्ञा दिली. त्या सायंकाळपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटा मुक्या होतात. घंटेऐवजी 'मात्राक' नावाचे लाकडी खटखटे वाजवतात. गावच्या इगर्जीच्या घंटेवर ज्यांचे घड्याळ चालते, अशी हिंदू घरे साष्टी-बारदेशात आजही आहेत. त्यांना ती दोन दिवसांची शांतता अंगावर आल्यावाचून राहत नाही.

उपवासाचे नियम आता फारसे कडक राहिलेले नाहीत. पूर्वी सगळा काळच कडकडीत पाळला जाई. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी हे नियम सैल केले. आजमितीस गोबराचो बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यापासून एकोणसाठीपर्यंतच्या धडधाकट माणसाने त्या दिवशी एकच पोटभर जेवण घ्यावे आणि मांस वर्ज्य करावे, इतकेच. करेज्मातल्या शुक्रवारीही मांस टाळतात. येथे गोमंतकीय माणसाला एक सवलत आपसूकच मिळाली आहे, ती सांगितल्याविना राहवत नाही. मांसाच्या व्याख्येत मासळी येत नाही! युरोपातल्या थंड मुलखात डुकराचे किंवा गाईचे मांस सोडणे हा त्याग खरा. पण शीत-कढी-नुस्त्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला मांस सोडून बांगड्यावर राहा म्हणणे याला तप कसे म्हणावे? म्हणूनच पुष्कळ श्रद्धाळू लोक नियमाच्या पलीकडे जाऊन मनाने काहीतरी सोडतात. कोणी फेणी सोडतो, कोणी सिगारेट, कोणी गोड. हल्ली तरुण मंडळी मोबाईलवरचा वेळ सोडतात असे ऐकतो. घरोघरी पेज, सोराक, आंब्याची लोणची यांवर भागते. त्यातून जो पैसा वाचतो, तो गरिबांसाठीच्या पेटीत टाकावयाचा. उपवास, प्रार्थना आणि दान ही या काळाची तीन अंगे मानली आहेत. तिसऱ्यावाचून पहिले फुकट, असे त्यांचे धर्मोपदेशक सांगत असतात. तो उपदेश नवा नाही. यशया नावाच्या प्रवक्त्याने ख्रिस्तापूर्वी काही शतके उपाशी राहून नोकरांना राबविणाऱ्या आपल्या समाजाला हेच खडसावले होते. उपाशी माणसाला घास देणे आणि दडपलेल्याचे जू मोडणे यालाच देव उपवास समजतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

पळवाटा मात्र सर्वत्र असतात. पोर्तुगिजांच्या मुलखात 'बुला द क्रुझाद' या नावाची एक सनद दीर्घकाळ चालू होती. ठराविक द्रव्य धर्मकार्यास दिले, की मांसवर्ज्याच्या दिवसांतून सूट मिळे. दक्षिणा टाकून प्रायश्चित्ताचा भार हलका करून घेणारे यजमान आणि तो हलका करून देणारे भटजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हसू आवरणार नाही. आणि 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच भाषेतली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस आणि डबाबंद 'फराळी' चिवडा यांनी आपल्या उपवासाची जी मेजवानी केली आहे, ती पाहिल्यावर शेजाऱ्याच्या बांगड्याला नाव ठेवण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

आता एका वेगळ्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती शब्दांची आहे. कोंकणी ख्रिस्ती माणसाच्या धर्मजीवनातले बाहेरचे, दिसणारे, मिरवण्याचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज आहेत. इगर्ज, कपेल, पाद्री, फेस्त, पुर्सांव, खुरिस, इंत्रुज. करेज्म हे नावही त्यातलेच. परंतु त्या नावाच्या आत शिरून पाहा. उपवासाला तो 'उपास' म्हणतो, पापाला 'पातक', दानाला 'दान', प्रार्थनेला 'मागणें'. पाद्रीपुढे पाप कबूल करण्याच्या विधीला 'कुमसार' हा पोर्तुगिजांचा शब्द आहे खरा. पण त्यानंतर जे भोगावयाचे, जे करावयाचे, त्याला शब्द आहे 'प्राचीत'. प्राचीत म्हणजे प्रायश्चित्त. मिरवणुकीचे नाव परदेशातून आले. पश्चात्तापाचे नाव मात्र आजीच्या तोंडचेच राहिले.

हे सहजासहजी घडलेले नाही, आणि तो इतिहास झाकून ठेवून करेज्माविषयी गोड बोलणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. मधल्या चार वर्षांचा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. कै. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो सर्वांनी वाचण्यासारखा आहे. १७३६ साली या न्यायपीठाने काढलेला जाहीरनामा वाचताना तर मन विषण्ण होते. नवख्रिस्त्यांनी अंगणात तुळस ठेवू नये, भात मिठावाचून शिजवू नये, एकादशीचा उपवास करू नये! धर्मांतर होऊन दीड-दोनशे वर्षे लोटल्यानंतरही या गोष्टींवर बंदी घालावी लागली, याचा अर्थ त्या चालू होत्या. ज्या सत्तेने वर्षातून चाळीस दिवस उपाशी राहा म्हणून आज्ञा केली, तिनेच महिन्यातून दोन दिवस उपाशी राहणे गुन्हा ठरविला. उपवास तोच, पोट तेच, माणूसही तोच. केवळ तिथी कोणाच्या पंचांगातली, एवढ्यावर शिक्षा ठरे. तरीही त्या माणसाच्या जिभेवरून 'उपास' हा शब्द काढून घेणे कोणाला जमले नाही.

याच काळाची दुसरी बाजूही मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवी. इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली येथेच निवर्तला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्ही काय वाचावे, असा प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने केल्याचे ग्रंथारंभीच सांगितले आहे. प्रश्न मार्मिक होता आणि स्टीफन्सने त्याला दिलेले उत्तर ओवीचे होते. येशूचा जन्म, त्याचा उपदेश, छळ आणि क्रुसावरील मरण हे या किनाऱ्यावरच्या नवख्रिस्त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ऐकले. पुढे १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने एतद्देशियांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज आत्मसात करावी, असे फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या त्या शतकातल्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते टिकली ती मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. १९०७ साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी ते रोमी लिपीत छापले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणले. तेव्हा 'मराठीचा आणि ख्रिस्त्यांचा संबंध काय' असे जे कोणी विचारतात, त्यांनी आधी हा ग्रंथ चाळावा. आणि 'मराठी ही केवळ हिंदूंची' असे जे अलीकडे अभिमानाने म्हणतात, त्यांनीही.

इन्क्विझिशनची आठवण हल्ली वारंवार काढली जाते. काढावी, यात आमचे दुमत नाही. ज्या समाजाला आपल्या वेदना आठवत नाहीत, त्याला इतिहास नसतो. पण ती आठवण शेजारच्या वाड्यावरच्या माणसाकडे बोट दाखवण्यासाठी काढली जाते, तेव्हा आम्ही थबकतो. त्या न्यायपीठासमोर उभा राहणारा माणूस बहुतांशी कोण होता? तुळस ठेवणारा, एकादशी करणारा, मिठावाचून भात शिजवणारा नवख्रिस्ती होता. आज करेज्म पाळणाऱ्याच्या पूर्वजांनीच तो जाच सोसला. ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या उपवासावर पहारा बसला, त्याच्याकडूनच आज त्या पहाऱ्याचा जाब मागावयाचा, हा न्याय उलटा नव्हे काय?

शिवाय जाब देण्याचे कामही पूर्णतः राहून गेलेले नाही. १२ मार्च २००० रोजी रोम येथे सेंट पीटर्समध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तमंडळाच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पातकांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती हे त्यातले एक पातक होते. त्या दिवसाची निवड योगायोगाने झालेली नव्हती. तो करेज्मातला पहिला रविवार होता. क्षमा मोघम शब्दांत मागितली, गोव्याचे नाव घेतले नाही, अशी तक्रार करता येईल आणि ती आम्हांस रास्त वाटते. पण स्वतःच्या संस्थेचा अपराध भर वेदीपुढे उच्चारणारे धर्मपीठ जगात विरळा, हेही त्याच श्वासात मान्य करावे लागेल.

करेज्म आणि आपली व्रते यांत साम्य पुष्कळ आहे. परंतु जो भेद आहे, तो आम्हांस अधिक विचार करण्यासारखा वाटतो. आपली बहुतेक व्रते काम्य असतात. संतती, सौभाग्य, पाऊस, परीक्षा. व्रताच्या कहाणीच्या शेवटी फळ सांगितलेले असतेच. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड जत्रेपूर्वी जे सोवळे पाळतात, रोज स्नान करून, शिवराक राहून, आपले अन्न आपण रांधून जे दिवस काढतात, ते मात्र निराळ्या जातीचे. त्यात मागण्यापेक्षा शुद्ध होऊन सामोरे जाण्याचा भाव अधिक. करेज्म त्याच्या जवळचा. तेथे देवाजवळ काही मागावयाचे नसते, हिशेब द्यावयाचा असतो. वर्षभरात कोणाला दुखावले, कोणाचे लुबाडले, सख्ख्या भावाशी बांधाच्या हद्दीवरून किती दिवस बोलणे टाकले, हे स्वतःशी मोजून एका माणसासमोर गुडघे टेकून उच्चारावे लागते. उच्चारणे सोपे नसते. जैन बांधव पर्युषणाच्या अखेरीस एकमेकांची क्षमा मागतात, त्यातही हे बळ आहे. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचे अध्यायच्या अध्याय आहेत. पण व्यवहारात ते विटाळापुरते उरले.

समाजाच्या पातकासाठी एकाने उपाशी राहावे, ही कल्पना आपल्याकडे पुन्हा जिवंत केली ती गांधीजींनी. चौरीचौऱ्याच्या हत्याकांडानंतर १२ फेब्रुवारी १९२२ पासून त्यांनी पाच दिवसांचा उपवास केला, तो सरकारविरुद्ध नव्हता. आपल्याच लोकांच्या हातून सांडलेल्या रक्ताचे ते प्रायश्चित्त होते. आणि १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले, ते विठ्ठलाच्या देवळाचे दार हरिजनांना उघडे व्हावे म्हणून. दहा दिवस ते उपाशी राहिले. वारकऱ्यांच्या पंढरीत, वारकऱ्यांच्या देवासमोर, एका मराठी माणसाने सवर्ण हिंदूंचे पातक आपल्या पोटावर घेतले. मराठी वाचकाला करेज्माचा गाभा समजावून सांगावयाचा, तर याहून चांगला दाखला आमच्यापाशी नाही. पंढरीचे दार उघडले; गावोगावची सगळी दारे उघडली काय, याचा हिशेब अद्याप कोणी पुरा केलेला नाही. जातीचा हिशेब तर आमच्या ख्रिस्ती बांधवांनाही चुकलेला नाही. धर्म बदलला तरी जात घेऊनच ते इगर्जीत गेले आणि कोनफ्रारियांच्या लाल-निळ्या खांदवस्त्रांवरून कोण कोणत्या जातीचा, हे पिढ्यान्पिढ्या ओळखले गेले. कपाळाची राख पुसण्यापूर्वी त्यांनीही याचा विचार केला तर बरे.

वर्तमानाकडे वळू. १९६०च्या दशकात इंत्रुजाची मिरवणूक पर्यटनाच्या सोयीने नव्याने उभी राहिली, तेव्हापासून तिचा उंबरठा घरापासून तुटत गेला. मद्याच्या आणि कारखान्यांच्या जाहिरातींचे चित्ररथ, त्यांवर नाचणाऱ्या मुली आणि 'गोंयकारपण' म्हणून परप्रांतीयांपुढे मांडलेला तो बाजार. ख्रिस्ती धर्मगुरूंनी या प्रकाराविरुद्ध वेळोवेळी आवाज उठविला आहे. आमचे मत त्यांच्या बाजूचे आहे. एका समाजाच्या उपवासाची पूर्वरात्र दुसऱ्यांच्या मद्यपानाची जाहिरात व्हावी, हे शोभत नाही. आणि ख्रिस्ती म्हणजे खाणेपिणे, गाणेनाचणे एवढीच जी प्रतिमा हिंदी चित्रपटांनी रंगवून ठेवली आहे, तिला खतपाणी घालण्याचे काम आपल्याच राज्याने करावे काय?

दमणचे उदाहरण तर ताजेच म्हणता येईल. गोव्याप्रमाणेच १९६१ साली मुक्त झालेल्या त्या चिमुकल्या प्रदेशात, तसेच शेजारच्या दादरा-नगर हवेलीत, २०१९ साली प्रशासनाने गुड फ्रायडेची सार्वजनिक सुट्टी काढून तिला ऐच्छिक सुट्टीचा दर्जा दिला. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर त्याच वर्षी ती पूर्ववत झाली. प्रश्न एका दिवसाच्या रजेचा नव्हता. ख्रिस्ती धर्मात सण म्हणून नव्हे तर शोक म्हणून पाळला जाणारा हा दिवस आहे. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी-बोडकी असते, दुपारी तीनच्या सुमारास क्रुसावरच्या मरणाचे स्मरण होते. गोव्यातल्या अनेक इगर्जींत ख्रिस्ताची मूर्ती क्रुसावरून खाली उतरवून तिरडीवर ठेवतात आणि अंत्ययात्रा निघते. मागे दुःखी मातेची मूर्ती असते. ज्या कार्यालयाला हे ठाऊक असते, त्याला अशा दिवशी हजेरीपट मांडण्याची बुद्धी झाली नसती.

आमच्या समाजाकडूनही एक अपेक्षा आहे. २०२४ साली धुळवड २५ मार्चला, म्हणजे पवित्र सप्ताहाच्या सोमवारीच आली. असे पुन्हा येणार. दोघांचाही चंद्र एकच आहे. शहरांतल्या शिमगोत्सवाच्या मिरवणुकांचे वेळापत्रक समित्या बसून ठरवतात. गुरुवार आणि शुक्रवार हे दोन दिवस त्यांनी मोकळे ठेवावेत. त्यासाठी सरकारी परिपत्रकाची गरज नाही. गावात मयत झाले असता मेळ कोठे थांबवावा, हे कोणत्याही गावकऱ्याला कळते. पर्यटन खात्यानेही त्या दोन दिवसांपुरते किनाऱ्यावरचे कर्णे आवरते घ्यावेत.

आणि ज्यांना पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी करेज्म पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी संधी दरवर्षी असते. या काळातल्या रविवारी अनेक गावांतल्या इगर्जींत 'सांतुस पासुस' होतात. प्रवचन संपता संपता पडदा सरकतो आणि ख्रिस्ताच्या छळातला एकेक प्रसंग माणसाएवढ्या मूर्तींतून समोर उभा राहतो. दशावतारी पडद्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला तो क्षण लगेच ओळखीचा वाटेल. व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने तीन आवाजांत मोतेत गातात. त्यातली कित्येक गोमंतकीय संगीतकारांनीच रचलेली आहेत. मिरवणुकीत एक मुलगी उंच चौथऱ्यावर उभी राहून ख्रिस्ताच्या मुखाची प्रतिमा असलेले वस्त्र हळूहळू उलगडीत एकटीच गाते. तिला व्हेरोनिका म्हणतात. सांकवाळला संत जुझे वाझ यांच्या स्थानाकडे करेज्मात पायी यात्राही निघते. बाणावलीस १६५१ साली जन्मलेला आणि श्रीलंकेत अनवाणी हिंडून १७११ साली कँडीत देह ठेवणारा हा गोमंतकीय २०१५ साली संतपदी चढला. पहाटेच्या अंधारात चालत निघालेले ते जथे पाहून आषाढातल्या दिंड्यांची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा.

सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी मिरवणूक मात्र थोरल्या गोव्याची, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याची. करेज्मातल्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी सांत आंद्रे इगर्जीतून 'संतांचें पुर्सांव' निघते. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या मंडळींनी ते सुरू केले. १८३५ साली धार्मिक पंथ गोव्यातून हद्दपार झाले, मिरवणूक खंडित झाली, आणि त्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांच्या पुढाकाराने पुन्हा उभी राहिली. संतांच्या तीसेक मूर्ती खांद्यांवरून गावभर फिरतात. राजवस्त्रे टाकून भिक्षेकऱ्याचा झगा घातलेले राजे आणि राण्या त्यांत आहेत. मूर्ती इगर्जीपुढे मांडल्या, की दर्शनासाठी रांग लागते. त्या रांगेत कपाळी कुंकू असलेल्या बायका थोड्या नसतात. बाजूलाच जत्रा भरते. उन्हाळा तोंडावर आलेला असतो, म्हणून या जत्रेतून हातपंखा विकत आणण्याची जुनी रीत आहे. पणजीहून मडगावच्या रस्त्याने जाणारी कोणतीही बस पिलारच्या अलीकडे तेथे उतरवते. दुपारी उशिरा निघावे. मूर्ती निघतात त्या ऊन कलल्यावर.